सगळ्यांचा शुक्रवार

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. दोऱ्याचं रीळ असायचं, आणि कापडाच्या दुकानात किमतीसाठी लावतात तसल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. पेन ते आमच्यापैकी कुणाकडून तरी मागून घ्यायचे आणि परत देताना म्हणायचे, "तुझंच होतं. मी फक्त थोडा वेळ धरलं होतं." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की सुरुवातीला मला वाटलं, सरांची तब्येत बरी नसावी.

बीसीएला ते आम्हाला पायथन शिकवायचे. पायथन म्हणजे कंप्यूटरला कामं सांगायची एक भाषा. घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "इंग्रजीसारखी?" मी म्हटलं, "थोडीशी." यापेक्षा जास्त तेव्हा मला खरंच सांगता आलं नसतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा कूलर दुरुस्त करतात. दाना ओलीत आमच्या दोन खोल्या आहेत, त्यातल्या पुढच्या खोलीत आई ब्लाउज शिवते. कधीकाळी आमचे कुणी पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे ग्वाल्हेरला आले आणि राहिले, एवढंच आम्हाला आमच्याबद्दल माहीत आहे. पण त्यामुळे घरात मराठी टिकली, आणि मराठीमुळे सरांचं माझ्याकडे लक्ष गेलं. वर्गाला ते हिंदीत शिकवायचे, मला मात्र मराठीत रागवायचे. एकदा धीर करून मी कारण विचारलं तर म्हणाले, "हिंदीत रागावलो तर सगळ्यांना कळेल. तुझी इज्जत जाईल."

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, व्हेरिएबल म्हणजे काय? पुढच्या बाकावरचा मुलगा पाठ केल्यासारखा म्हणाला, "डिब्बा, सर. जिसमें चीज़ रखते हैं."

"डिब्बा? लाओ, दिखाओ."

मुलगा हसायला लागला. सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा आपला स्टीलचा पेला उचलला, चिठ्ठीवर 'अ' लिहून ती दोऱ्याने पेल्याला बांधली. मग दुसऱ्या चिठ्ठीवर 'ब' लिहून तीही त्याच पेल्याला बांधली.

"गिलास कितने?"

"एक, सर."

"नाम?"

"दो."

"डिब्बा कहाँ है?"

सरांनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, "अब 'अ' भी खाली, 'ब' भी खाली. घर जाओ, सोचो." तास संपायला अजून बराच वेळ होता. तरी ते निघून गेले.

वर्गात डबा हा शब्द उच्चारायची बंदी होती. जेवणाच्या डब्यालासुद्धा आम्ही टिफिन म्हणायचो. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की नाव म्हणजे वस्तू ठेवायची जागा नाही. नाव म्हणजे वस्तूला बांधलेली चिठ्ठी. एका वस्तूला कितीही चिठ्ठ्या बांधा, वस्तू एकच राहते. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटलं होतं.

एकदा त्यांनी कॅन्टीनमधून कचोऱ्यांची एक प्लेट मागवली. मला आणि माझ्या मैत्रिणीला पुढे बोलावलं. मला म्हणाले, "ही तुझी प्लेट." मैत्रिणीला म्हणाले, "ये तुम्हारी प्लेट." प्लेट तीच. मग त्यांनी एक कचोरी उचलून सावकाश खाल्ली आणि वर्गाला विचारलं, "किसकी कम हुई?"

"दोनों की, सर!"

"मैंने इससे पूछा?"

"नहीं, सर!"

"उससे पूछा?"

"नहीं, सर!"

"याद रखना," असं म्हणत त्यांनी दुसरी उचलली. आम्हाला दोघींना मिळून शेवटी अर्धी कचोरी आली. मैत्रीण अजून म्हणते की त्या दिवशी तिला विषय कळला. मला फक्त भूक लागल्याचं आठवतं.

सरांचं दुसरं वेड जाहीर करण्याचं होतं. स्टाफरूमचा पंखा कमी-जास्त करायचा असला तर ते आधी उभे राहायचे, घसा साफ करायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "मैं सबका पंखा बदल रहा हूँ." मगच रेग्युलेटरला हात लावायचे. बाकीचे प्राध्यापक पेपरातून डोकंही वर काढायचे नाहीत, इतकी त्यांना सवय झाली होती. लॅबमध्येही तोच नियम. खिडकी उघडायची, पडदा ओढायचा, घड्याळ मागे-पुढे करायचं, काहीही असो, आधी उभं राहून सांगायचं. नवीन मुलं लाजायची. मी तर उकाड्यात घामाने भिजून बसायचे, पण उभी राहायचे नाही.

हाही त्यांच्या मते पायथनचाच नियम. प्रोग्रामच्या आतला छोटा भाग, ज्याला फंक्शन म्हणतात, ती एक खोली. खोलीत बसून बाहेरचं बघायला कुणाची मनाई नाही. पण बाहेरचं नाव दुसऱ्या वस्तूला बांधायचं असेल, तर आधी दारात उभं राहून 'ग्लोबल' म्हणावं लागतं, म्हणजे हे सगळ्यांचं आहे आणि मी ते बदलते आहे. न सांगता बदललंत, तर पायथन समजतं की तुम्ही आपल्या खोलीत त्याच नावाचं नवीन काहीतरी आणलंत. तुम्ही आत खूश, की बदललं. बाहेर सगळं जसंच्या तसं.

"आणि एक खोच आहे," सर म्हणायचे, आणि लॅबच्या कोपऱ्यातल्या माठाकडे बोट करायचे. त्या माठाची गोष्ट आमच्या आधीच्या बॅचची. कुणीतरी गुपचूप त्यात खसचं सरबत ओतलं आणि दिवसभर सगळी लॅब हिरवं पाणी प्यायली. मुलाला वाटलं, आता सर बाहेर काढणार. सरांनी त्याला वर्गापुढे उभं केलं आणि विचारलं, "तूने मटका बदला?" तो म्हणाला, "नहीं, सर, मटका तो वही है." "फिर पानी सबका कैसे बदल गया?" सर म्हणे इतके खूश झाले की त्याची पाठ थोपटली. वस्तू न बदलता वस्तूच्या आतलं बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून तिथेच जास्त जपायचं, हे त्यांना वर्षानुवर्षं शिकवायचं होतं. आणि त्या मुलाने ते एका बाटलीत शिकवलं, असं ते म्हणायचे.

त्यांच्या छत्रीला तीन चिठ्ठ्या होत्या. एकीवर 'माझी', एकीवर 'वहिनींची', एकीवर 'कुणाचीही'. सर माधवगंजात आपल्या थोरल्या वहिनींबरोबर राहायचे. भाऊ वारल्यावर दोघंच घरात. वहिनी त्यांना भाऊजी म्हणायच्या आणि बाहेर कुणी सरांचं कौतुक केलं की म्हणायच्या, "आमच्या मिठाच्या बरणीलासुद्धा नाव बांधलंय हो. ते वाचूनही साखर समजून घालतात ते वेगळं."

आता माझं सांगते.

दुसऱ्या वर्षी माझं मन उडालं. बाकीच्या मुलांच्या घरी कुणीतरी विचारायला होतं, दादा, काका, शेजारचे कुणी. मी रात्रंदिवस वाचायचे आणि प्रोग्राम मात्र चालायचा नाही. हळूहळू मी ठरवलं की हे आपल्यासारख्यांचं काम नाही, उन्हाळ्यात नाव काढून बीएला घालायचं. घरी सांगितलं नव्हतं. बाबा गिऱ्हाइकांना कूलरची जाळी बसवता बसवता सांगायचे, "लड़की कंप्यूटर में है." ते ऐकलं की मी आत निघून जायचे.

सरांना सांगितलं, कारण कुणाला तरी सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं. खिशातलं रीळ काढून थोडा दोरा उलगडला, परत गुंडाळला.

"घरी सांगितलंस?"

"नाही, सर."

"म्हणजे आतल्या आत बदललंयस. बाहेर अजून तेच आहे."

मी मान खाली घातली.

"जा तू, बेटा. मी थांबवणार नाही," ते म्हणाले. "पण एक चालणारा प्रोग्राम करून जा. लोकांच्या कामाचा. तो चालला की मीच तुझ्या बाबांशी बोलीन."

कामही त्यांनीच शोधलं. चैत्रातलं हळदीकुंकू. आमच्याकडे लश्कर भागातल्या जुन्या गल्ल्यांत मराठी घरांतून चैत्रगौर बसते, आणि महिनाभर मंगळवारी-शुक्रवारी बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. गोंधळ असा व्हायचा की एका शुक्रवारी पाच घरं असायची आणि पुढच्या मंगळवारी एकही नसायचं. पाच घरची डाळ खाऊन बायका आजारी पडायच्या, आणि जिच्याकडे जाणं राहिलं ती वर्षभर टोमणे मारायची. या बायकांचं मंडळ चालवायच्या सरांच्या वहिनी. सरांनी त्यांना सांगून टाकलं, "या वर्षी तारखा माझी विद्यार्थिनी काढेल. कंप्यूटरवर."

वहिनींनी मला घरी बोलावलं, सगळी घरं सांगितली, कुणाला कुठला वार जमत नाही ते सांगितलं. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "आणि तुझ्या आईचं नाव घातलंस ना?"

नव्हतं घातलं. आई कधी त्या बायकांत गेली नव्हती. त्यांची घरं वेगळी, आमचं वेगळं, असं आम्हीच धरून चाललो होतो. घरी येऊन सांगितलं तर आई मशीनवरून न उठता म्हणाली, "आपल्या दोन खोल्यांत कुठे गं बसवू त्यांना?" पण दुसऱ्या दिवशी बघितलं, तर मशीन भिंतीला सरकवलेलं होतं आणि कोपऱ्यात गौरीसाठी जागा झाडून ठेवलेली होती.

मी प्रोग्राम लिहिला. महिन्यातल्या प्रत्येक मंगळवार-शुक्रवारची एक यादी, आणि त्या यादीत दोन-तीन घरं, असा हिशोब. मग प्रत्येक घराला आधी मोबाइलवर निरोप जाणार, की अमुक दिवशी हळदीकुंकू तुमच्याकडे. सरांच्या वहिनींना पहिला शुक्रवार हवा होता. मी फक्त त्यांचं घर घालून बघितलं. पहिला शुक्रवार आला. मला इतका आनंद झाला की पुढचं बघायचं सुचलंच नाही. सगळी घरं घातली, निरोप पाठवले.

आईला पहिलाच शुक्रवार आला. ती म्हणाली, "देवाने पहिलाच दिवस दिला बघ."

त्या शुक्रवारी तिने सकाळीच डाळ वाटली. गौर मांडली, आरास म्हणून ब्लाउजांच्या उरलेल्या रंगीत कापडांची झालर केली. संध्याकाळी ठेवणीतली साडी नेसून ती दाराकडे तोंड करून बसली. पन्ह्याचं पातेलं ओल्या फडक्याने झाकलेलं होतं. ऊन उतरलं. गल्लीत दिवे लागले. कुणी आलं नाही.

"येतील ना गं?" आईने विचारलं.

"येतील."

थोड्या वेळाने ती उठली, फडकं परत ओलं करून आणलं, परत बसली. दुसऱ्यांदा तिने विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. सरांच्या वहिनी. "अगं, माझ्याकडे कुणी फिरकलं नाही! दौलतगंजातल्या काकूंना फोन केला, तर त्या म्हणतात, मी कशी येऊ, आज माझ्याचकडे आहे!" नंतर दुसरा फोन, मग तिसरा. प्रत्येकीकडे आजच. गंमत म्हणजे दोघी-तिघींना हे आधीच कळलं होतं. पण प्रत्येकीला वाटलं, चुकलं असेल ते दुसरीचं. शिवाय कंप्यूटरने दिलेला दिवस आपण का सोडावा? सगळ्या लश्करात त्या संध्याकाळी घरोघर यजमानीण नटून दाराकडे बघत बसली होती, आणि पाहुणी कुणीच नव्हती.

मी लॅपटॉप उघडून सगळ्या तारखा एकदम पडद्यावर आणल्या. प्रत्येक तारखेला सगळी घरं. पहिल्या शुक्रवारीही सगळी, शेवटच्या मंगळवारीही सगळी. डोळ्यांसमोर सरांचा स्टीलचा पेला आला. मी रिकामी यादी एकदाच बनवली होती, आणि तीच प्रत्येक तारखेला देऊन टाकली होती. मला वाटलं, प्रत्येक तारखेचा आपापला डबा झाला. प्रत्यक्षात यादी एकच, आणि सगळ्या तारखांच्या चिठ्ठ्या तिलाच बांधलेल्या. एका तारखेत घर घातलं की ते सगळ्या तारखांत दिसत होतं. आणि निरोपात प्रोग्राम नाव सापडेल ती पहिली तारीख घालत होता, म्हणून सगळ्यांना पहिलाच शुक्रवार.

मनात म्हटलं, झालं. आता बीए.

गल्लीत स्कूटर थांबली. सर, आणि मागे मांडीवर मोठं पातेलं धरून त्यांच्या वहिनी. "भाऊजी, खड्डा म्हटलं की खड्ड्यातूनच न्यायची गाडी," त्या उतरता उतरता म्हणाल्या, आणि आईला, "मी म्हटलं, कुणी येत नाही तर आपणच जावं. म्हटलं, पहिलं घर तुमचं." आई इतकी गडबडली की तिने त्यांना आधी मशीनच्या स्टुलावरच बसवलं.

हळदीकुंकवाला पुरुष आत येत नाहीत म्हणून सर बाहेर पायरीवर बसले, घराकडे पाठ करून. मी जवळ जाऊन उभी राहिले. रडू येत होतं.

"सगळ्यांना एकच तारीख?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"एकीलाही वेगळी नाही?"

"नाही."

"वा!" सर म्हणाले. अगदी मनापासून. "थोडंसं चुकलं असतं तर महिना गेला असता शोधण्यात. हे पूर्ण चुकलंय. म्हणजे चूक एकाच जागी आहे."

वहिनींनी फोनवर फोन लावले असणार, कारण हळूहळू बायका यायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात आपापलं पातेलं. खोलीत जागा उरली नाही तेव्हा त्या ओटीवर बसल्या, मग गल्लीत सतरंज्या पडल्या. बाबा कामावरून आले ते हे बघून कोपऱ्यावरच थांबले. मग त्यांनी दुरुस्तीला आलेले, भिंतीशी रांगेने उभे केलेले कूलर एकेक करून चालू केले. दोन चालले, एकाने नुसतीच घरघर केली. गल्लीभर ओल्या गवताचा वास सुटला. प्रत्येक घरची डाळ प्रत्येकीने चाखली. "तुमच्यात साखर आहे का हो?" "आहे, तुमच्यासारखी कंजूषी नाही आमच्यात." आईच्या डाळीचं भांडं सगळ्यात आधी रिकामं झालं, हे मी बघून ठेवलं.

"आता दुरुस्त कर," सर म्हणाले. दुरुस्ती एका ओळीची होती. प्रत्येक तारखेला नवी यादी करायची. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. सरांनी हात आडवा धरला. "आधी जाहीर कर. यादी सगळ्यांची आहे."

"सर, इथे?"

"मग कुठे? तुझ्या वतीने मी सांगणार नाही."

मी उभी राहिले. कूलरच्या आवाजात पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, "मी सगळ्यांची यादी बदलते आहे." दौलतगंजातल्या काकू म्हणाल्या, "बदल बाई, बदल. पण आजचा शुक्रवार राहू दे हं असाच." सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून.

बाबा माझ्या मागे उभे होते, मला माहीत नव्हतं. हळू आवाजात म्हणाले, "हे तुझ्या त्या भाषेनं केलं? इतक्या बायका गोळा?"

"हो. चुकून."

त्यांनी गल्लीवर एकदा नजर फिरवली. "मग बरोबर केलंस तर काय होईल गं?"

मी सरांकडे बघितलं. ते पन्ह्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसले होते.

"सर, तुम्ही बाबांशी बोलणार होता."

"चालणारा प्रोग्राम केलास तर. हा कुठे चालला?" ते म्हणाले. "आता तुला जाता येत नाही."

बीएचं मी पुन्हा काढलं नाही. घरी ते कधी कळलंच नाही.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. माधवगंजात असतात, वहिनी अजून त्यांच्यावर मीठ-साखरेवरून ओरडतात. बीसीए झालं, मी आता एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. चैत्राच्या तारखा दर वर्षी माझाच प्रोग्राम काढतो, आणि तो नीट चालतो. फक्त पहिला शुक्रवार सगळ्यांचा असतो, आमच्या गल्लीत, कूलरसकट. त्या एका तारखेत सगळी घरं येतात, तशी मी ती मुद्दाम ठेवली आहे.

या वर्षी हे काम शिकायला पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. हुशार आहे. पहिल्याच दिवशी पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "दीदी, यहाँ गलती है. सारे घर एक ही दिन आ रहे हैं. ठीक कर दूँ?"

मी म्हटलं, "कर ना. फक्त आधी बाहेर जाऊन सांगून ये."

ती दारापर्यंत गेली. ओटीवर आई आणि वहिनी मध्ये कैऱ्यांचा ढीग घेऊन किसायला बसल्या होत्या, आणि पायरीवर सर, घराकडे पाठ करून, कुणाच्या तरी पातेल्याला चिठ्ठी बांधत होते. मुलगी जरा वेळ तिथेच उभी राहिली. मग परत आली आणि म्हणाली, "रहने देते हैं, दीदी."